गल्ली चौदा, डावीकडचं सहावं घर

साहेब : अशी नाही. नोटीस अशी दारातून हात लांब करून देत नाहीत. दूधवाला आहेस का तू?

निरीक्षक : चुकलं, साहेब.

साहेब : आधी आत यायचं. ओळखपत्र दाखवायचं. मग मोठ्याने वाचून दाखवायची, समोरच्याला समजली का ते विचारायचं, मग सही, आणि सगळ्यात शेवटी कागद. एकदा कागद हातात पडला की माणूस सही करत नाही, दार लावून घेतो. एकतीस वर्षांत माझी एकही नोटीस परत आली नाही.

निरीक्षक : पण साहेब, तुम्हाला कसलं ओळखपत्र दाखवू? नऊ वर्षं तुमच्या हाताखाली काढली मी.

साहेब : मुख्य निरीक्षक म्हणून निवृत्त झालोय मी, नियमांतून नाही झालो. दाखव. हां. फोटो जुना आहे, बदलून घे. बस आता.

काकू : अहो, त्याला श्वास तरी घेऊ द्या. केवढा घाम आलाय. चहा टाकू का रे?

निरीक्षक : नको काकू. म्हणजे हवा होता, पण आज कामावर आलोय. ज्या घरात नोटीस द्यायची त्या घरात काही घ्यायचं नाही, असा...

साहेब : नियम तीन.

निरीक्षक : तुम्हीच केलेला.

काकू : नऊ वर्षं फायली घेऊन यायचास आणि ताटभर खाऊन जायचास, तेव्हा कुठे गेला होता नियम तीन?

निरीक्षक : तेव्हा नोटीस नसायची ना, काकू.

काकू : आणि आज आहे? कोणाला?

साहेब : घर तुझ्या नावावर आहे, म्हणजे तुला. घाबरू नकोस. कोणीतरी खोडी काढली असणार. परवाच समोरचं कुंपण मी दोरी लावून कापलं. पायरीचा रंग ताजा आहे. कचऱ्याच्या डब्याला झाकण आहे आणि झाकणाला कडी आहे. या घरात काय सापडणार आहे कोणाला? वाच रे.

निरीक्षक : साहेब, तुमच्यासमोर हे वाचायचं म्हणजे... ऑफिसात सगळे म्हणत होते, तूच जा, तूच जा. खरं सांगतो, दोनदा कोपऱ्यावरून परत फिरलो.

साहेब : आता आलायस ना, मग वाच. सावकाश. आकडे स्पष्ट.

निरीक्षक : 'नगर स्वच्छता, मिळकत देखभाल व पाळीव प्राणी उपविधी. कलम सहा. मिळकतीच्या मागील भिंतीचा सुमारे सव्वादोन मीटर भाग कोसळलेला असून विटा गल्लीत पसरल्या आहेत.'

साहेब : कोणाची भिंत?

निरीक्षक : तुमची. म्हणजे काकूंची.

साहेब : आपली मागची भिंत पडलीय?

काकू : आठ महिने झाले.

साहेब : आणि मला सांगायचं नाही?

काकू : सांगितलं होतं. रात्रभर वारा सुटला होता, सकाळी पाहिलं तर भिंत आडवी. तुम्ही पेपर वाचत होतात. मान वर न करता म्हणालात, 'लेखी दे.'

साहेब : ते सवयीने म्हटलं असेन मी.

काकू : मी दिलं की लेखी. वहीचं पान फाडलं, 'मागची भिंत पडली आहे, तरी लक्ष घालावे' असं लिहिलं आणि तुमच्या टेबलावर ठेवलं. तुम्ही त्यावर 'पाहिले' असं लिहून, तारीख घालून मला परत केलंत. आहे अजून माझ्या शिवणाच्या डब्यात. आणू?

साहेब : राहू दे. पुढे वाच रे.

निरीक्षक : 'कलम नऊ. मागील आवारात गवत व तण माजले असून त्याची उंची गल्लीच्या कडेला बत्तीस सेंटिमीटर व पडक्या भिंतीच्या आत सत्तेचाळीस सेंटिमीटर आहे. मर्यादा पंधरा.'

साहेब : दोन ठिकाणी मोजलंय?

निरीक्षक : हो.

साहेब : राग बाजूला ठेवून बोलतो, चांगली तक्रार आहे. हल्ली लोक काय लिहितात? 'शेजाऱ्याने जंगल करून ठेवलंय, लवकर काहीतरी करा.' जंगल म्हणजे किती? याने आकडा दिलाय. कडेचा वेगळा, आतला वेगळा. माणूस आतल्या गाठीचा दिसतो, पण त्याला लिहिता येतं. हं, पुढे.

निरीक्षक : साहेब, तुम्ही खरंच... बरं, वाचतो. 'कलम चौदा. आवारात एक नर कुत्रा. रंग तपकिरी, वय अंदाजे बारा, डावा कान फाटलेला. गळ्यात पट्टा नाही, परवान्याचा बिल्ला नाही. तक्रारदार जवळ जाऊनही भुंकला नाही. रखवालीस निरुपयोगी.'

साहेब : इथे गफलत झाली. आपल्याकडे कुत्रा नाही.

काकू : मी चहा टाकतेच. त्याला नको असेल तर आपण घेऊ.

साहेब : थांब. आपल्याकडे कुत्रा आहे?

काकू : कुत्रा असा नाही. पाहुणा आहे.

साहेब : कोण पाहुणा?

काकू : भिंत पडली त्याच दिवशी विटांवरून चढून आत आला. मी म्हटलं, दोन दिवस राहील आणि जाईल. म्हणून पाहुणा म्हणायला लागले. आता हाक मारली की येतो.

साहेब : आठ महिने?

काकू : तुमची बहीण पाच महिने राहिली होती की.

साहेब : तिचा विषय वेगळा. पंधरा दिवसांच्या वर जनावर राहिलं की ते पाळलेलंच धरतात. कलम चौदाचं स्पष्टीकरण. मीच घातलं ते, कारण जो तो सांगायचा, 'आमचा नाही हो, सहज आलाय.' आणि तू माझ्याच घरात माझ्या नाकावर टिच्चून...

काकू : नाकावर टिच्चून कसलं? मागच्या अंगणात. तिथवर तुमचं नाक कधी आलंय? निवृत्त होऊन चौदा महिने झाले तुम्हाला. पुढचं कुंपण दोरी लावून कापता आणि स्वयंपाकघराचं मागचं दार कुठे उघडतं ते माहीत नाही.

निरीक्षक : काकू, मध्ये बोलतो, रागावू नका. कोपऱ्यावर गाडी उभी आहे. पाचला कोंडवाडा बंद होतो. त्याच्या आत मला...

काकू : कसली गाडी?

निरीक्षक : कुत्र्यांची. परवाना नसला तर मुदत देता येते. कुंपण नसलं तरी देता येते. दोन्ही नसलं तर प्राणी त्याच दिवशी उचलायचा.

काकू : हे कोणी ठरवलं?

साहेब : चांगला नियम आहे तो. कुंपण नसलं की कुत्रा रस्त्यावर येतो, रस्त्यावर आला की कोणाला तरी चावतो.

काकू : याला चार दात आहेत. पाव दुधात कुस्करून द्यावा लागतो. तिथे नेल्यावर काय करतात?

निरीक्षक : सात दिवस ठेवतात. परवाना घेऊन कोणी आलं तर सोडतात. परवान्याला कुंपणाचा दाखला लागतो. दाखल्याला... भिंत लागते. सात दिवसांत भिंत आणि दोन्ही कागद, असं आजवर कोणाचं झालेलं नाही, काकू.

काकू : आणि सात दिवसांनी?

निरीक्षक : साहेबांना विचारा.

साहेब : वय बघतात. तरुण असला तर कोणीतरी नेतं.

काकू : आणि बारा वर्षांचा, फाटक्या कानाचा असला तर?

साहेब : तेवढा चहा टाक तू.

काकू : कळलं. असं करते, मी त्याला गल्लीत सोडून येते. आवारात नाहीच म्हटल्यावर काय उचलाल?

निरीक्षक : गल्लीत सापडला तर तो भटका, काकू. भटक्याला सात दिवससुद्धा मिळत नाहीत.

काकू : सगळी भोकं बुजवून ठेवलीयत. ही तक्रार केली कोणी, आधी ते सांग. ती शिंपीण ना? मागच्या गल्लीत राहते, मला बघून नाक मुरडते.

निरीक्षक : नाव सांगता येत नाही.

साहेब : नियम आठ. नाव गुप्त. नाहीतर शेजारी शेजाऱ्याचं डोकं फोडेल.

काकू : तीच असणार.

साहेब : ती नव्हे. शिंपीण इंचांत मोजते, हा सेंटिमीटरवाला आहे. याच्याकडे घडीची पट्टी असणार. आणि भिंतीच्या आत हात घालून मोजलंय, म्हणजे वाकला असणार. हल्लीच्या पोरांना इतकं वाकायचा कंटाळा. जुना माणूस आहे, कमरेत अजून ताकद असलेला.

काकू : तुमच्यासारखा.

साहेब : साधारण तसा.

काकू : तुमची घडीची पट्टी कुठे आहे?

साहेब : खिशात. फेरीला जातो तेव्हा खिशातच असते. का?

काकू : सोमवारी कुठून फिरून आलात?

साहेब : नेहमीच्या रस्त्याने. बाजार, मग शाळा, मग... नाही. सोमवारी पाइपासाठी रस्ता खणून ठेवला होता. मागून आलो. गल्ली चौदातून.

निरीक्षक : साहेब, मला वाटलं होतं तुम्हाला ठाऊक आहे.

साहेब : काय ठाऊक आहे?

निरीक्षक : तक्रारदाराला त्याची तक्रार दाखवायला हरकत नसते ना? मंगळवारी पेटी उघडली. अकरा तक्रारी, अकराही तुमच्या, दर आठवड्यासारख्या. सातवी होती, 'गल्ली चौदा, डावीकडचं सहावं घर.' नकाशात बघितलं तर हे घर. मी तीनदा मोजलं. मग मोठ्या साहेबांकडे घेऊन गेलो. ते खुर्चीतून उठून उभे राहिले. म्हणाले, याला म्हणतात सचोटी, माणसाने स्वतःच्या घरालाही सोडलं नाही. नवीन भरतीच्या चौघांना बोलावून वाचून दाखवली. तिची प्रत फळ्यावर लावलीय, साहेब.

साहेब : दाखव इकडे.

निरीक्षक : ही मूळ.

साहेब : अक्षर माझं आहे.

काकू : अक्षर तरी ओळखलंत.

साहेब : पण ते घर वेगळं होतं. आपल्या घराची म्हणून ऐकत होतो, म्हणून माझीच तक्रार मला ओळखू आली नाही. पडकं, पोपडे निघालेलं, दारात फुटकी बादली, त्या बादलीत कसलंसं रोप. तसलं घर मी जन्मात पाहिलं नव्हतं.

काकू : खरं आहे. नव्हतं पाहिलं.

साहेब : चौदाची गल्ली माझ्या विभागात कधी नव्हती. सदतीस वर्षं पुढच्या दाराने गेलो आणि पुढच्या दाराने आलो. आपलंच घर मागून कसं दिसतं ते बघायला कोण जातं?

काकू : आज बघा. चला. चला म्हणते ना. तूही चल रे, तुलाही पंचनामा करायचाय.

(काकू स्वयंपाकघराचं मागचं दार उघडतात. तिघं अंगणात येतात.)

साहेब : हे दार बाहेरून हिरवं आहे?

काकू : तुमच्या पायरीचा रंग उरला होता.

साहेब : आणि ती खुर्ची? ती आपण मोडीत काढली होती.

काकू : तुम्ही काढली होती. मी इथे आणून ठेवली. दुपारी इथे बसते मी.

निरीक्षक : हाच का तो? साहेब, जपून. तुमच्या बुटावरच बसला की.

साहेब : सोमवारीही असंच केलं याने. त्या विटांपाशी आला, बूट हुंगला आणि बसून राहिला. मला वाटलं, काय बावळट जनावर आहे, परक्या माणसावर भुंकत नाही.

काकू : परका कसा? तुमचे बूट मी इथेच बसून पुसते. रोज. हा शेजारी असतो. त्याला तुम्ही पाठ झालायत.

साहेब : जरा बाजूला घे त्याला. पाय जड झाला.

काकू : बसू दे दोन मिनिटं. आता ऐका, झालं ते झालं. चूक झाली असं सांगा आणि तक्रार मागे घ्या. म्हणजे हा त्याच्या गाडीतून जाईल आणि आपण आपल्या घरात.

निरीक्षक : मागे घेता येत नाही, काकू.

काकू : का? त्यांचीच आहे ना?

साहेब : नियम अकरा. लोक दडपणाखाली मागे घ्यायचे. बायका रडायच्या, शेजारी धमक्या द्यायचे. म्हणून तो रस्ताच बंद केला.

काकू : तुम्ही.

साहेब : मी.

निरीक्षक : एक रस्ता आहे. समाधानपत्र. तक्रारदाराने स्वतः जागेवर येऊन पाहायचं, 'उल्लंघन आढळले नाही' असं लिहायचं आणि सही करायची. फाईल बंद. तक्रारदार इथे आहेत, जागेवर आहेत. साहेब, तुम्ही लिहा, मी गाडी परत पाठवतो. मी पाहिजे तर पाठ फिरवून उभा राहतो.

साहेब : पाठ फिरवून उभं राहायला मी शिकवलं का तुला?

निरीक्षक : नाही, साहेब.

साहेब : गवत दिसतंय, भिंत दिसत नाही, कुत्रा माझ्या बुटावर बसलाय. आणि मी लिहू, आढळले नाही? खोट्या कागदावर एकदाही सही केलेली नाही मी.

काकू : नाही केलीत. मला विचारा. लेकीच्या दाखल्यात एका महिन्याचा घोळ होता, एक सही हवी होती. नाही केलीत, पोरीचं वर्ष गेलं. वरची खोली निघत होती, ती चार बोटं जास्त उंच होत होती, तीही नाही बांधलीत. मी कधी काही बोलले? कौतुकच वाटायचं मला. चार माणसांत मान ताठ ठेवून फिरले. पण आज बोलते. हे जनावर माझं आहे. पाहुणा म्हणत होते, कारण माझा म्हणायची भीती वाटत होती. तुम्ही सकाळी पट्टी घेऊन बाहेर पडता, दुपारी तक्रारी लिहिता, संध्याकाळी त्या पुन्हा सुवाच्य करता. मी दिवसभर याच्याशी बोलते. हा गेला तर या घरात माझ्याशी बोलणारं कोणी उरत नाही.

साहेब : मी बोलतो की.

काकू : काय बोलता?

साहेब : जेवताना बोलतो.

काकू : जेवताना तुम्ही मला शाळेमागची गटार सांगता.

साहेब : तुंबलेली आहे ती.

काकू : ठाऊक आहे. दीड वर्ष ऐकतेय. कुठपर्यंत तुंबलीय तेही ठाऊक आहे.

निरीक्षक : साहेब, साडेचार झाले. गाडीवाला हॉर्न वाजवतोय.

साहेब : वाजवू दे. शांतता क्षेत्र नाही इथे. तो कागद आण पुन्हा. मी लिहिलेलं मला सगळं बघू दे. खाली शेरा आहे, तो तू वाचलाच नाहीस.

निरीक्षक : शेरा नोटिशीत घेत नाही आपण. तो फक्त ऑफिससाठी असतो. सोडा ना, साहेब.

काकू : काय आहे त्यात?

निरीक्षक : काही नाही, काकू.

काकू : घर माझ्या नावावर आहे ना? मग वाच. मोठ्याने. तसाच नियम आहे म्हणे.

निरीक्षक : 'शेरा. घरमालक उपस्थित नव्हते. आवारात एक वयस्कर, अनोळखी बाई आढळली. घरकामास असावी. कुत्र्यास पाव भरवीत होती व त्याच्याशी मोठमोठ्याने बोलत व हसत होती. मालकांच्या पश्चात हिचे चांगलेच फावते असे दिसते. चौकशी व्हावी.'

काकू : अनोळखी बाई.

साहेब : तू पाठमोरी होतीस.

काकू : अडतीस वर्षं हीच पाठ आहे माझी.

साहेब : पाठ बघितलीच नाही मी. हसणं ऐकलं. एवढ्या मोठ्याने, पोट धरून. तू असशील असं मनातही आलं नाही.

काकू : मी काय बोलत होते ते ऐकलंत?

साहेब : ऐकलं. कोणाची तरी नक्कल चालली होती. कोणीतरी बाजारात प्रत्येक पायरीपाशी थांबतो, वाकतो, मोजतो, मान हलवतो आणि पुढे जातो. फार छान करत होतीस. मलाही हसू आलं. मोजायला दोन मिनिटं लागतात, मी दहा मिनिटं उभा होतो तिथे. मनात म्हटलं, कोण आहे हा बिचारा?

काकू : तुम्ही.

साहेब : हो. आत्ता कळलं.

निरीक्षक : मी गाडीपाशी जाऊन येऊ का?

साहेब : उभा राहा. मला एक सांग, 'अनोळखी' ही नोंद खरी की खोटी?

निरीक्षक : म्हणजे कसं, साहेब...

साहेब : म्हणजे कसं काय? खरी की खोटी?

निरीक्षक : खोटी.

साहेब : तक्रारीत एक जरी नोंद वस्तुस्थितीला सोडून असली तर?

निरीक्षक : तक्रार मुळापासून रद्द. नियम सतरा. साहेब, हा कधी लागलाच नाही, म्हणून डोक्यात आला नाही. गवत, भिंत, कुत्रा, सगळंच रद्द होईल. तक्रार नाही तर गाडी नाही. पण त्याच्याखाली पोटनियम आहे.

साहेब : ठाऊक आहे. मीच घातलाय.

काकू : काय आहे तो? दोघंच दोघं बोलू नका.

निरीक्षक : खोटी नोंद करणाऱ्याची तक्रार पुन्हा घ्यायची नाही, काकू. जन्मभर. पेटीत सापडली तर न वाचता फाडायची. आणि त्याने स्वतःच्या हाताने कबुली लिहून द्यायची. ती महिनाभर ऑफिसच्या दाराशी, फळ्यावर लावतात. जाणारा येणारा वाचतो.

काकू : त्या फळ्यावर? जिथे यांची ती सचोटी लावलीय?

निरीक्षक : तिच्या शेजारी लावावी लागेल.

साहेब : शेजारी नको. ती काढ आणि तिथे ही लाव. रद्द झालेला कागद फळ्यावर ठेवत नाहीत.

निरीक्षक : साहेब, जरा विचार करा. लोकांना काय सांगायचं ते माझ्यावर सोडा. पण दर आठवड्याला पेटीत काय टाकाल तुम्ही? आणि आमचं काय? या शहरात दुसरं कोणी तक्रारच करत नाही. तुमच्या अकरा थांबल्या तर चौघांची भरती कशाला केली, असं वरून विचारतील.

साहेब : गटार तुंबलेलीच आहे. जाऊन बघा म्हणावं चौघांनी.

काकू : अहो, तो म्हणतो ते खोटं नाही. मला हा हवाय, पण तुमचं ते फिरणं... सकाळी सहाला उठून पट्टी पुसता तुम्ही. ती काढून घेतली तर दिवसभर काय कराल?

साहेब : मला माहीत नाही.

काकू : भीती वाटतेय का?

साहेब : वाटतेय. कबुलीचा नमुना आहे का रे बॅगेत?

निरीक्षक : आहे. छापल्यापासून एकही वापरलेला नाही. कागद पिवळा पडलाय.

साहेब : चालेल. कागदाखाली धरायला फाईल दे. 'मी, खाली सही करणार, लिहून देतो की, गल्ली चौदा, डावीकडच्या सहाव्या घरात मी ज्या बाईस अनोळखी म्हटले, ती माझी पत्नी असून सदर घर तिचे आहे. कुत्राही तिचा आहे.' बरोबर?

निरीक्षक : कुत्र्याचं लिहायची गरज नाही.

साहेब : असू दे. पुढे?

निरीक्षक : खाली कारण. 'नोंद चुकण्याचे कारण', दोन ओळींत. 'बाई पाठमोरी असल्याने' असं लिहा, साहेब. फळ्यावर लागणार आहे, लोक वाचणार आहेत.

साहेब : ते कारण नव्हतं.

निरीक्षक : मग 'नजर अधू झाल्याने'.

साहेब : नजर ठणठणीत आहे. हे घे. वाचून दाखव. आकडे नाहीत, पण स्पष्ट वाच.

निरीक्षक : 'सदर बाई हसत होती.' एवढंच? साहेब, दाराशी उभं राहून वाचणाऱ्याला यातून काहीही कळायचं नाही.

काकू : साक्षीदाराची सही कुठे करायची रे?